भुलीनंतरचे ‘सुगमाडेक्स’ : औषधाला पकडून ठेवणारे औषध

ऑपरेशननंतर हॉस्पिटलचे बिल हातात आले की औषधांच्या यादीतले एक नाव अनेकांना खटकते : सुगमाडेक्स. कुपी छोटीशी, पण किंमत भुलीच्या इतर बहुतेक औषधांपेक्षा जास्त. मग नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, हे कशासाठी दिलं? अँटिबायोटिक होतं का?”

हे अँटिबायोटिक नाही, वेदनाशामक नाही आणि झोपेचे औषधही नाही. आधी शरीरात दिलेले दुसरे एक औषध पकडायचे आणि लघवीवाटे बाहेर न्यायचे, एवढेच याचे काम. याचा रेणू कड्यासारखा गोल, मध्ये पोकळ असतो आणि ठरावीक मापाचा दुसरा रेणू त्या पोकळीत जाऊन बसतो. रसायनशास्त्रात अशा मोठ्या कड्याला ‘यजमान’ आणि आत बसणाऱ्या रेणूला ‘पाहुणा’ म्हणतात. फरक एवढाच, की आपल्याकडचा पाहुणा जेवून निघून जातो. या घरातला पाहुणा सहसा बाहेर पडत नाही.

कडे ओळखते ते मापाने आणि आकाराने. म्हणून ते इतके अचूक काम करते, आणि म्हणूनच तसाच आकार असलेली दुसरी गोष्टही त्यात अडकू शकते. गर्भनिरोधक गोळ्यांतले हार्मोन हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. ही माहिती घरी जाताना सर्व स्त्रियांना मिळतेच असे नाही, म्हणून त्याबद्दल खाली जरा सविस्तर लिहिले आहे.

भूल देताना स्नायू का सैल करतात?

पूर्ण भूल म्हणजे एकच इंजेक्शन, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात आम्ही तीन वेगवेगळी कामे करत असतो : पेशंटला झोपवणे, वेदना थांबवणे आणि गरज असेल तेव्हा स्नायू पूर्ण सैल करणे. श्वासनलिकेत नळी घालताना घशाचे आणि स्वरयंत्राचे स्नायू आवळलेले असतील तर इजा होऊ शकते. पोटाच्या ऑपरेशनमध्ये पोटाची भिंत घट्ट असेल तर सर्जनला आतले नीट दिसत नाही, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर नाहीच.

स्नायू सैल करणारी औषधे भूलशास्त्रात आली ती दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या विषारी बाणांवरून. तिथल्या आदिवासी जमाती बाणाच्या टोकाला ‘क्युरारे’ नावाचा वनस्पतींचा अर्क लावत. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी क्युरारेचा शुद्ध केलेला अर्क एका पेशंटच्या भुलीत वापरला. तिथून ही शाखा बदलली. आज आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, सिसअ‍ॅट्राक्युरियम ही नावे नेहमीची आहेत.

ही औषधे काय करतात? मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते, ते स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखे बसते आणि स्नायू आकुंचन पावतो. रोक्युरोनियम त्याच कुलपात जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. खरी किल्ली बाहेर ताटकळते. यात हातापायांचे स्नायू येतात आणि श्वास घेण्याचा मुख्य पडदाही येतो, म्हणून या काळात श्वास मशीन देते आणि भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी बसून असतो.

औषध थोडे उरले तर काय होते?

ऑपरेशन संपले, झोपेची औषधे बंद केली, पण स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंश शरीरात उरला, तर तो काळ धोक्याचा असतो. श्वासाचा पडदा या औषधांना त्यातल्या त्यात चिवटपणे तोंड देतो आणि लवकर सावरतो. घशाचे आणि जिभेचे स्नायू उशिरा सावरतात. त्यामुळे वरवर पाहता पेशंट छान श्वास घेत असतो, पण जीभ मागे पडते, थुंकी नीट गिळता येत नाही, खोकून कफ काढता येत नाही. पोटातले पाणी वर आले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, नंतर न्यूमोनिया होऊ शकतो.

पेशंटच्या बाजूने हा अनुभव भयंकर असतो. शुद्ध आलेली आहे, आजूबाजूचे बोलणे ऐकू येते आहे, पण पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात, ‘गुदमरतंय’ हे सांगायलाही आवाज फुटत नाही. रिकव्हरी रूममध्ये कोणी असे इशारे करत असेल तर ‘भूल उतरते आहे, होईल बरं’ म्हणून सोडून देऊ नये. लगेच नर्सला किंवा भूलतज्ज्ञाला हाक मारावी.

स्नायूंची ताकद किती परत आली हे मोजता येते. मनगटाजवळच्या नसेला एका छोट्या यंत्राने पाठोपाठ चार सौम्य झटके देतात आणि अंगठा किती जोराने हलतो ते पाहतात. चौथ्या झटक्याला अंगठ्याची हालचाल पहिल्याच्या निदान ९० टक्के असेल तर नळी काढणे सुरक्षित मानतात. ‘डोके उचला’, ‘माझा हात घट्ट दाबा’ या जुन्या चाचण्या आजही केल्या जातात, पण त्यांत थोडी उरलेली कमजोरी निसटून जाते. माझ्या मते हे मोजणे औषधाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि आपल्याकडे त्यावर जेवढा भर असायला हवा तेवढा अजून नाही.

जुना उपाय आणि त्याची मर्यादा

अनेक दशके यावर निओस्टिग्मिन दिले जाते. ते रोक्युरोनियमला हात लावत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन थांबवते. त्यामुळे किल्ल्यांची गर्दी वाढते आणि त्या गर्दीच्या जोरावर त्या कुलपांत शिरतात. पण अ‍ॅसिटिलकोलीन फक्त स्नायूंपाशी नसते. हृदय, आतडी, लाळग्रंथी, फुप्फुसाच्या नळ्या यांनाही ते आदेश देते. म्हणून नाडी मंदावते, तोंडाला पाणी सुटते, आणि ते टाळायला सोबत ग्लायकोपायरोलेट द्यावे लागते, ज्याने तोंड कोरडे पडते आणि नाडी वाढते. ऑपरेशननंतर ‘घशाला कोरड पडली’ अशी जी तक्रार असते, त्यामागे एक कारण हेही आहे.

शिवाय गर्दीलाही मर्यादा असते. स्नायू खूप खोलवर सैल केलेले असतील तर निओस्टिग्मिन कितीही दिले तरी एका टप्प्यापुढे त्याचा उपयोग होत नाही. थांबावेच लागते. तरीही हे औषध टाकाऊ नाही. ते स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, आणि योग्य वेळी, मोजून दिले तर आजही लाखो ऑपरेशनांत चांगले काम करते.

कडे पकडते कसे?

आता सुगमाडेक्सकडे येऊ. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. काही जिवाणूंची विकरे स्टार्चचा तुकडा तोडतात आणि त्याची दोन टोके एकमेकांना जोडून कडे तयार करतात. हे कडे म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. १८९१ मध्ये फ्रान्सच्या अँत्वान व्हिलिए यांनी त्यांचे पहिले वर्णन केले. सहा ग्लुकोजचे कडे ते अल्फा, सातचे बीटा आणि आठचे गॅमा. आकार अगदी बांगडीसारखा सपाट नसतो. बूड नसलेल्या कुंडीसारखा, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला थोडा अरुंद असतो. पोकळीचा व्यास एका नॅनोमीटरहून कमी, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही लहान.

या कुंडीची बाहेरची बाजू पाण्याला आपलीशी करते, म्हणून ती रक्तात सहज विरघळते. आतली बाजू मात्र पाण्याला नकोशी असते, थोडी तेलकट म्हणा. पाण्यात तेलाचा थेंब पडला की तो दुसऱ्या तेलाला जाऊन चिकटतो, तसे रक्तातल्या तेलकट अंगाच्या रेणूला या पोकळीत शिरणे सोयीचे पडते. पण माप जुळले पाहिजे. कासाराकडे बांगडी भरताना जसे असते तसेच : लहान असेल तर हात जात नाही, मोठी असेल तर निसटून पडते. रोक्युरोनियमच्या मधल्या भागात चार कड्यांचा स्टिरॉइडचा सांगाडा असतो. अल्फा आणि बीटा कड्यांत तो नीट मावत नाही. गॅमा कड्यात मावतो, पण पोकळी उथळ असल्याने थोडा बाहेर राहतो.

इथे माणसाचे कौशल्य आले. गॅमा कड्याच्या आठही ग्लुकोजना रासायनिक शेपट्या जोडल्या गेल्या. त्यांनी पोकळी खोल झाली. प्रत्येक शेपटीच्या टोकाला ऋण विद्युत भार ठेवला. रोक्युरोनियमच्या टोकाशी नायट्रोजनचा धन भार असतो. म्हणजे तेलकट सांगाडा पोकळीत शिरतो आणि धन टोक दाराशी उभ्या असलेल्या आठ ऋण टोकांच्या ओढीत सापडते. यात कोणतेही पक्के रासायनिक बंध तयार होत नाहीत. केवळ माप, तेलकटपणा आणि विद्युत ओढ या तिन्हींच्या जोरावर पाहुणा इतका घट्ट धरला जातो की सुटण्याचे प्रमाण नगण्य राहते.

मग स्नायूपाशी बसलेल्या औषधाचे काय? सुगमाडेक्स रक्तातले मोकळे रोक्युरोनियम पकडते. रक्तात ते संपत आले की स्नायूपाशी जे आहे ते रक्ताकडे वाहू लागते, जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे. रक्तात आले की पुन्हा पकडले जाते. कुलपे रिकामी होतात, खरी किल्ली बसते, स्नायू हलतो. हृदयाला किंवा आतड्यांना कोणताही जादा आदेश द्यावा लागत नाही.

एका कड्यात एकच पाहुणा, त्यामुळे हिशेबही सरळ आहे. सुगमाडेक्सचा रेणू रोक्युरोनियमपेक्षा वजनाने सुमारे साडेतीन पट जड. म्हणून १ मिलिग्रॅम रोक्युरोनियम धरायला साधारण ३.६ मिलिग्रॅम सुगमाडेक्स लागते.

शोध लागला तो दुसऱ्याच कामात

अशा कड्यांच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळाली ती १९८७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे. चार्ल्स पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि झां-मारी लेन यांना ते पारितोषिक मिळाले. पेडरसन यांनी १९६७ मध्ये ‘क्राउन ईथर’ नावाची कडी जगापुढे मांडली होती, जी पोटॅशियमसारखा आयन पोटात धरून ठेवत.

सुगमाडेक्सची कथा स्कॉटलंडमधल्या न्यूहाऊस इथली. ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटोन बॉम हे शास्त्रज्ञ रोक्युरोनियमसारख्या औषधांना विरघळवण्यासाठी चांगले माध्यम शोधत होते. सायक्लोडेक्स्ट्रिनचा उपयोग तेव्हाही त्यासाठीच व्हायचा. त्यांच्या लक्षात आले की काही कडी औषधाला इतकी घट्ट धरतात की औषधाचे काम थांबते. विरघळवणाऱ्यासाठी हा दोष. पण ऑपरेशन संपल्यावर नेमके हेच तर हवे असते. २००२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. नावातला ‘सु’ शुगरवरून आणि ‘गमाडेक्स’ गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिनवरून. युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेच्या औषध नियामकाने मात्र अ‍ॅलर्जी आणि रक्तस्राव यांबद्दल अधिक पुरावा मागितला आणि डिसेंबर २०१५ मध्ये परवानगी दिली.

किती फरक पडतो?

२०१७ मध्ये कोक्रेन संस्थेने प्रौढ पेशंटवरच्या उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. मध्यम सैलपणा असताना सुगमाडेक्सने ताकद परत यायला सरासरी सुमारे २ मिनिटे लागली, निओस्टिग्मिनने सुमारे १३. खोल सैलपणा असताना हा फरक सुमारे ३ मिनिटे विरुद्ध जवळजवळ ४९ मिनिटे असा होता. दुष्परिणामही सुगमाडेक्समध्ये कमी आढळले. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम वापरले असेल तर मध्यम आणि खोल सैलपणासाठी सुगमाडेक्सला पसंती दिली आहे. न्यूमोनियासारखे फुप्फुसाचे त्रास त्याने नक्की कमी होतात का, यावर मात्र मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. ‘हे दिले म्हणजे काही होणारच नाही’ असे कोणी सांगत असेल तर तो अतिउत्साह समजा.

मात्रा वजनावर आणि सैलपणाच्या खोलीवर ठरते. मध्यम असेल तर किलोला २ मिलिग्रॅम, खोल असेल तर ४. साठ किलोच्या माणसाला मध्यम अवस्थेत १२० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमची एक कुपी पुरते. क्वचित असे होते की रोक्युरोनियम दिल्यावर श्वासनलिकेत नळी जातच नाही आणि पेशंटला ताबडतोब स्वतःच्या श्वासावर आणावे लागते. तेव्हा किलोला १६ मिलिग्रॅम द्यावे लागतात. त्याच साठ किलोच्या माणसाला जवळजवळ पाच कुप्या. अशा क्षणीही सर्व भिस्त एका इंजेक्शनवर ठेवता येत नाही, ऑक्सिजन पोचवण्याचे इतर उपाय चालूच ठेवावे लागतात.

ज्यांच्या बाबतीत थोडी उरलेली कमजोरीही परवडत नाही, त्यांच्यासाठी हे औषध विशेष मोलाचे आहे : मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेले, खूप स्थूल किंवा झोपेत श्वास अडकणारे, फुप्फुसे आधीच कमजोर असलेले पेशंट. तरुण, निरोगी माणसाचे छोटे ऑपरेशन असेल, सैलपणा बराचसा आपोआप उतरलेला असेल आणि तो यंत्राने मोजलेला असेल, तर निओस्टिग्मिनवर भागवण्यात काही गैर नाही. महागडे ते दिले नाही म्हणून उपचारात कसर राहिली असे नातेवाईकांनी मानू नये.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. सुगमाडेक्सने माणूस झोपेतून जागा होत नाही. झोपेची आणि वेदनेची औषधे आपापल्या गतीने उतरतात. आणि मधुमेह असलेले विचारतात, ‘यात साखर आहे, माझी शुगर वाढेल का?’ कडे ग्लुकोजचे असले तरी शरीर ते फोडत नाही, जसेच्या तसे लघवीतून जाते. या औषधाने रक्तातली साखर वाढण्याचे कारण नाही.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी हे वाचावे

रोक्युरोनियमचा सांगाडा स्टिरॉइडचा. गर्भनिरोधकांतले प्रोजेस्टोजेन हेही त्याच घराण्यातले, चार कड्यांचे. त्यामुळे सुगमाडेक्सच्या काही कड्यांत प्रोजेस्टोजेन जाऊन बसू शकते आणि रक्तातले त्याचे प्रमाण कमी होते. परिणाम अंदाजे एका दिवसाची गोळी विसरल्यासारखा धरला जातो.

म्हणून माला-एन किंवा तशी कोणतीही हार्मोनची गोळी चालू असेल तर ती बंद करू नका, ठरल्या वेळी घेत राहा, आणि ऑपरेशननंतर पुढचे ७ दिवस कंडोमसारखे दुसरे साधनही वापरा. ‘अंतरा’ इंजेक्शन, हातातले इम्प्लांट, हार्मोन असलेली गर्भाशयातली साधने यांसाठीही ७ दिवसांची हीच सूचना आहे. तांब्याच्या तांबीत, म्हणजे कॉपर-टीमध्ये हार्मोन नसते. तिच्यावर याचा परिणाम होत नाही.

अडचण अशी की पित्ताशयाचे किंवा अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेल्या मुलीला गर्भनिरोधकाबद्दल विचारायचे कोणाला सुचत नाही. लग्न झालेले नसेल तर तर नाहीच; आणि खोलीत आई-वडील, सासू-सासरे बसलेले असतात. पाळी नियमित करण्यासाठी किंवा पीसीओडीसाठी हीच गोळी घेणाऱ्या मुलीही खूप असतात, त्यांना आपण ‘गर्भनिरोधक’ घेतो असे वाटतही नाही. त्यामुळे ऑपरेशनपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञाशी एकटीने बोलायचे आहे असे सांगायला संकोच करू नका. ही मागणी अगदी रास्त आहे, आणि तुम्ही सांगितलेले दुसऱ्या कोणाला सांगितले जात नाही.

गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ टिकण्यासाठी प्रोजेस्टेरॉन लागते. त्या काळात ऑपरेशन करावे लागले तर सुगमाडेक्स शक्यतो टाळण्याकडे कल असतो. माणसांत त्याने गर्भपात होतो असे सिद्ध झालेले नाही, पण दुसरा पर्याय हाताशी असताना धोका कशाला घ्यायचा, असा हा विचार आहे. पाळी चुकली असेल किंवा टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर आवर्जून सांगा.

दमा किंवा संधिवातासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांना हे वाचून शंका येईल. शरीरातल्या कॉर्टिसॉलसारख्या स्टिरॉइडवर या कड्याची पकड रोक्युरोनियमच्या तुलनेत शेकडो पटींनी सैल असते. आपली औषधे नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. स्तनाच्या कर्करोगावरच्या टोरेमिफेन या गोळीचा संबंध मात्र उलटा आहे : ती कड्यातल्या रोक्युरोनियमला बाहेर ढकलू शकते, त्यामुळे ताकद यायला उशीर लागू शकतो.

किडनी, अ‍ॅलर्जी आणि दुसरे ऑपरेशन

कडे आणि त्यातला पाहुणा दोघेही किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी चांगली असेल तर यातले बहुतेक एका दिवसात निघून जाते. किडनीचे काम फारच कमी असेल, किंवा डायलिसिस चालू असेल, तर ही जोडी बराच काळ शरीरात फिरत राहते. म्हणून औषधाच्या माहितीपत्रकात गंभीर किडनीविकारात याची शिफारस नाही. अशा पेशंटला आम्ही बहुधा सुरुवातीलाच अ‍ॅट्राक्युरियम किंवा सिसअ‍ॅट्राक्युरियम देतो. ती रक्तात मुख्यतः आपोआप विघटित होतात. त्यांचा आकार वेगळा असल्याने सुगमाडेक्स त्यांना पकडूही शकत नाही. स्कोलिनलाही नाही. घरात कोणाला पूर्वी भुलीनंतर तासन्‌तास श्वास आला नव्हता, व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले होते, असा किस्सा असेल तर तो सांगा; त्याचे कारण बहुधा स्कोलिन आणि रक्तातले एक जन्मजात कमी असलेले विकर हे असते, आणि त्यावर सुगमाडेक्सचा उपाय नाही.

गंभीर अ‍ॅलर्जी दुर्मिळ आहे, पण होते. निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचणीत हे औषध दिलेल्या २९९ पैकी एकाला, किलोला १६ मिलिग्रॅमच्या मोठ्या मात्रेवर, ती झाली; रोजच्या कमी मात्रांत प्रमाण याहून बरेच कमी दिसते. अंगावर गांधी, रक्तदाब घसरणे, छातीत घरघर ही लक्षणे बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येतात, तेव्हा पेशंट आमच्या नजरेसमोर असतो आणि उपचार हाताशी असतात. क्वचित नाडी एकदम मंदावते, त्यावरही तात्काळ औषध देता येते.

सुगमाडेक्स दिल्यावर काही तासांत पुन्हा ऑपरेशनला न्यावे लागले, उदाहरणार्थ आत रक्तस्राव झाला म्हणून, तर नव्याने दिलेले रोक्युरोनियम उरलेली रिकामी कडी पकडून टाकतात. मग मात्रा वाढवावी लागते किंवा वेगळ्या घराण्यातले औषध वापरावे लागते. किडनी कमजोर असेल तर ही सावधगिरी २४ तास पाळतात.

अशी कडी तुम्ही आधीही घेतली असतील

सायक्लोडेक्स्ट्रिनचे नाव घरात कोणाला माहीत नसते, पण त्याचे चुलत भाऊ औषधांत बरेच आहेत. तिथे ते पकडून ठेवण्यासाठी नसून न विरघळणाऱ्या औषधाला पाण्यात नेण्यासाठी असतात. पकड मुद्दाम सैल असते. कोविडच्या काळात ज्या रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रात नातेवाईक दुकानांपुढे रांगा लावून उभे होते, त्या १०० मिलिग्रॅमच्या कोरड्या पावडरच्या कुपीत ३ ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे औषधाच्या तीसपट वाहन. किडनी खराब असलेल्यांना ते देताना सुरुवातीला जी काळजी घेतली जाई, त्यामागे हे वाहन साचण्याची भीती हे एक कारण होते. पुढे अनुभव जमा झाल्यावर, २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने गंभीर किडनीविकारातही ते वापरायला परवानगी दिली. बुरशीवरच्या व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल या शिरेतून द्यायच्या औषधांतही हेच वाहन असते. इट्राकोनाझोलचे पातळ औषध यामुळेच रिकाम्या पोटी घ्यायचे असते, तर त्याच्या साध्या कॅप्सूल जेवणानंतर. पातळ औषधाने काहींना जुलाब होतात, त्यालाही हे कडे कारणीभूत असते.

एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या गॅडोलिनियमचीही गोष्ट कड्याचीच. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या कवेत बंद करून देतात. काही द्रव्यांत ही कव सरळ साखळीची, काहींत पूर्ण कड्याची. किडनी फार कमजोर असलेल्यांत साखळीच्या द्रव्यांतून धातू सुटून त्वचा आणि सांधे आखडवणारा गंभीर आजार आढळला. २०१७ मध्ये युरोपच्या नियामकाने साखळीच्या अनेक द्रव्यांचा वापर थांबवला, कड्याची चालू ठेवली. किडनीचा त्रास असेल तर रेडिओलॉजिस्टला ‘कोणत्या प्रकारचे देणार?’ हे जरूर विचारा.

ऑपरेशनआधी आणि घरी जाताना

भूलतज्ज्ञाच्या तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. पाळीच्या, आयुर्वेदिक, कधीमधी घेतलेल्या, सगळ्या. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या. आधी भूल घेतली असेल आणि काही त्रास झाला असेल तर त्या वेळचे कागद न्या. ‘माझे स्नायू सैल करणार का, आणि ते सैलपण उतरले हे कशाने मोजणार?’ हा प्रश्न विचारला तर कोणताही चांगला भूलतज्ज्ञ रागावणार नाही. खर्चाचा प्रश्नही आधीच विचारा, म्हणजे बिल आल्यावर धक्का बसणार नाही.

आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर सुगमाडेक्सचे नाव, तारीख आणि वेळ लिहून मागा. भुलीच्या कागदावर ते असते, पण तो कागद बहुधा हॉस्पिटलच्या फायलीतच राहतो. ७ दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते.